पिल्लाचं बारसं : मादी पिल्लासाठी अर्थपूर्ण नाव कसं निवडावं?



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळ्यांनीच शेकड्यांनी तपासला आहे. गठ्ठा उघडला की पहिल्याच वहीत कुत्रा असतो. त्याचं नाव मोती असतं. तो इमानी असतो, शेपूट हलवतो, रात्री घराची राखण करतो. दुसऱ्या वहीतही मोती. दहाव्या वहीत मोत्या, एवढाच काय तो फरक. ज्या मुलांच्या घरात कुत्रा नाही, त्यांच्याही वहीत मोती असतो!

गेल्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात असाच गठ्ठा तपासत होतो. एका मुलीच्या वहीत पहिलंच वाक्य होतं, "माझ्याकडे एक कुत्री आहे. तिचे नाव अजून ठेवलेले नाही." पुढे चारच ओळी होत्या आणि निबंध अर्धवट सोडला होता. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि विचारलं, "बाळा, पुढे का नाही लिहिलंस?" ती म्हणाली, "सर, आजी म्हणते नाव ठेवू नको. नाव ठेवलं की जीव जडतो. मग सोडून कसं येणार?"

पिल्लू तिला शाळेच्या वाटेवर पावसात सापडलं होतं. घरी आणल्यावर पहिला प्रश्न आला, "कुत्रा आहे का कुत्री?" कुत्री आहे म्हटल्यावर निकाल लागला. आठवडी बाजाराच्या दिवशी तिला बाजारतळावर सोडून यायचं ठरलं. बाजाराला पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांत आमच्या वर्गात जे घडलं, त्यातून हा पाठ तयार झाला. घरात नवीन मादी पिल्लू आलं असेल तर पालकांना, आणि शब्द, लिंगविचार, निबंधलेखन शिकवायचं असेल तर शिक्षकांना, असा दोघांनाही तो उपयोगी पडेल. चला तर मग, एकेक मुद्दा पाहूया.

1. आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्या भाषेत 'पिल्लू' नपुंसकलिंगी आहे. 'ते पिल्लू आलं', 'पिल्लू झोपलं' असं आपण म्हणतो. कुत्रा हा पुल्लिंगी, कुत्री ही स्त्रीलिंगी आणि 'कुत्रं' किंवा 'कुत्रे' हे नपुंसकलिंगी. म्हणजे एकाच प्राण्यासाठी मराठीत तिन्ही लिंगं आहेत.

आता गंमत बघा. फळ्यावर हे वाक्य लिहा : 'कुत्री भुंकू लागली.' मुलांना विचारा, किती जण भुंकतायत? 'कुत्री' हे स्त्रीलिंगी एकवचन आहे, म्हणजे एक मादी. पण 'कुत्रे' या नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचनही 'कुत्री' असंच होतं. 'ते कुत्रे, ती कुत्री'. क्रियापदही दोन्हीकडे 'लागली' असंच येतं. एक मादी भुंकते आहे की सगळी गल्ली भुंकते आहे, हे पुढच्या-मागच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. अनेक माद्या असतील तर 'कुत्र्या भुंकू लागल्या'. व्याकरणाच्या पुस्तकातून हे सांगितलं की मुलं जांभया देतात. अशा वाक्यातून सांगितलं की वर्गात वाद सुरू होतो, आणि वाद झाला की नियम लक्षात राहतो.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. 'कुत्री' म्हटलं की वर्गात दोन-चार मुलं हमखास खिदळतात, कारण हा शब्द त्यांनी शिवी म्हणून ऐकलेला असतो. त्यामुळे मुली तो शब्द लिहायला लाजतात. मग 'माझी कुत्री'चा 'माझा कुत्रा' होतो, किंवा 'मादी कुत्रा' असा अवघडलेला शब्द येतो. आपण शिक्षकांनी इथे गप्प बसू नये. शब्द चांगला आहे, त्याचा वापर वाईट झाला आहे, हे सरळ सांगावं. म्हैस, शेळी, मांजर हे शब्द आपण लाजत नाही, मग कुत्री का?

2. 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे'

एका अनुस्वाराचा नाही, एका मात्रेचा फरक आहे, पण अर्थ कुठल्या कुठे जातो! नाव ठेवणे म्हणजे बारसं करणे, आणि नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. याच ओळीत मुलांकडून आणखी वाक्प्रचार काढून घ्या : नाव काढणे, नाव कमावणे, नावाला जागणे, नाव बुडवणे, नावारूपाला येणे. उखाण्यातलं 'नाव घेणे' तर मुलांना घरूनच माहीत असतं.

पिल्लाचं नाव निवडताना हाच फरक ध्यानात ठेवायचा. आपण तिला नाव ठेवतोय की तिला नावं ठेवतोय? लंगडी, काणी, मरतुकडी, भिकारडी अशी नावं लोक गमतीने ठेवतात. पिल्लाला अर्थ कळत नाही हे खरं. पण हाक मारणाऱ्या मुलाच्या तोंडात तो शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो, आणि शेजारी कोणी लंगडत चालणारं मूल असेल तर त्याच्या कानावरही तो पन्नास वेळा पडतो.

आमच्या वर्गात एकाने हात वर करून सुचवलं, "सर, नकोशी ठेवा. ती कोणालाच नकोय." काही मुलं हसली. मी त्यांना थांबवलं आणि एक खरी गोष्ट सांगितली. आपल्या महाराष्ट्रात मुलगा हवा असताना मुलगी झाली, की तिचं नावच नकोशी, नकुशी किंवा नकुसा ठेवायची पद्धत काही घरांत होती. 2011 साली सातारा जिल्ह्यात प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवीन नावं दिली. त्यातल्या काही मुलींनी आपली नवी नावं आपणच निवडली. वर्ग शांत झाला. मग ज्याने नाव सुचवलं होतं तोच म्हणाला, "नको सर, खोडा ते." मी खडू त्याच्याच हातात दिला.

3. नाव पिल्लाच्या कानाला कसं वाटतं?

नाव आपण अर्थ बघून निवडतो, पिल्लू ते आवाज म्हणून ओळखतं. दोन्ही जमलं पाहिजे.

जन्मतः पिल्लाचे डोळे आणि कान बंद असतात. डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात, कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागतात. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लासाठी फार महत्त्वाचा असतो. माणसं, आवाज, वास, इतर प्राणी यांची ओळख याच काळात पक्की होते. म्हणून नाव लवकर ठरवावं आणि एकच ठेवावं. मात्र आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये.

माणसाच्या कानाला साधारण 20000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45000 पर्यंतचे. त्यामुळे ओरडून हाक मारायची काही गरज नसते. नाव निवडताना या गोष्टी पाहाव्यात :

- नाव छोटं असावं. दोन अक्षरी नाव हाक मारायला सोपं. 'स्वप्नसुंदरी' ठेवलंत तरी आठ दिवसांत तिची 'सपी' होणारच आहे. मग आधीच छोटं का नको?
- आज्ञेसारखं नसावं. आपण कुत्र्याला 'बस', 'ये', 'थांब', 'नको', 'चल' म्हणतो. 'बसंती' नाव ठेवलं तर हाक मारल्यावर ती यायची का बसायची? 'येसू'चंही तेच. 'निकी' आणि 'नको' घाईत सारखेच ऐकू येतात.
- घरातल्या कुणाच्या नावासारखं नसावं. घरात मिनू असेल तर कुत्रीचं नाव मिनी ठेवू नका. दोघीही धावत येतील, आणि एक नक्की रुसेल.
- सगळ्यांनी एकच नाव वापरावं. बाबा 'चांदू', ताई 'चंपाकली' आणि आजी 'हाड्' म्हणत असेल, तर पिल्लाने काय समजायचं?

आता खास मराठीची एक गोष्ट. आपण हाक मारताना संबोधन विभक्ती वापरतो आणि नावाचा शेवट बदलतो. चांदणीची 'चांदणे', ढवळीची 'ढवळे', मैनेची 'मैने', भिंगरीची 'भिंगरे'. इंग्रजी ज्युलीलाही आपण 'ज्युले' करून टाकतो! म्हणजे पिल्लाच्या कानावर दोन नावं पडतात. यावर उपाय सोपा आहे. नावाचा पहिला भाग ठसठशीत असावा, म्हणजे शेवट बदलला तरी ओळख पटते. नाहीतर घरात आधीच ठरवून टाका की हाक एकाच रूपात मारायची.

4. अर्थ कुठून आणायचा?

पुस्तकात किंवा मोबाइलवर नावांची यादी शोधण्याआधी पिल्लाकडे बघा. दोन दिवस फक्त निरीक्षण करा. रंग कसा आहे? चालते कशी? कशाला घाबरते? कुठे झोपते? मुलांना वहीत पाच वाक्यं लिहायला सांगा. निबंधाचा अर्धा मजकूर इथेच तयार होतो.

मग या पाच वाटांनी नाव शोधा.

रंगावरून : आपल्याकडे गाई-बैलांना रंगावरून नाव द्यायची जुनी पद्धत आहे. पांढरी ती ढवळी, तांबूस ती तांबू, फिक्या मातकट रंगाची ती भुरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ती कबरी. ही नावं कुत्रीलाही शोभतात, आणि त्या निमित्ताने मुलांना रंगांचे दहा मराठी शब्द मिळतात.

स्वयंपाकघरातून : छोटीशी काळी असेल तर मिरी. तपकिरी असेल तर जिरी. दुधाळ पांढरी असेल तर साय. लालसर तपकिरी असेल तर नाचणी. ही नावं आमच्या वर्गात मुलींनी नाही, डबा उघडून बसलेल्या मुलांनी सुचवली, हेही सांगायला हवं.

निसर्गातून : जाई, जुई, बकुळी, चांदणी, मैना, वीज, सर. कमी भुंकणारी असेल तर अबोली. फुलाचं नावही झालं आणि स्वभावही आला.

सवयीवरून : स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरते ती भिंगरी. खारीसारखी तुरुतुरु पळते ती खारू.

नात्यावरून : माया, सोबत, राखण. एकट्या राहणाऱ्या आजीच्या घरी आलेल्या पिल्लाचं नाव 'सोबत' असेल तर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी. नाव ठेवून झालं की ते गल्लीत मोठ्याने हाक मारायचं असतं. शेजाऱ्याचं, गावातल्या कुणाचं, एखाद्या जातीधर्माशी जोडलेलं किंवा पूज्य व्यक्तीचं नाव ठेवू नये. आपण प्रेमाने ठेवलं तरी ऐकणाऱ्याला ते लागू शकतं. वर्गात नावं सुचवतानाही दुसऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव कुत्र्याला द्यायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून टाका. चिडवाचिडवीची सुरुवात अशाच जागी होते.

5. नाव राखलेल्या काही जणी

मुलांना गोष्टी हव्या असतात. कुत्र्याच्या गोष्टी भरपूर सांगितल्या जातात, कुत्रीच्या कमी. म्हणून या चार गोष्टी मुद्दाम देतो आहे.

सरमा : ही देवांची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 108 व्या सूक्तात सरमा आणि पणी यांचा संवाद आहे. पणींनी लपवून ठेवलेल्या गाईंच्या शोधात इंद्राची दूती म्हणून ती एकटी जाते. पणी तिला गाईंतला वाटा देऊ करतात, पण ती बधत नाही. महाभारताच्या आदिपर्वातही सरमा भेटते. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारलं. पिल्लू रडत आईकडे गेलं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नव्हतं, त्याकडे पाहिलंही नव्हतं. सरमा थेट यज्ञमंडपात गेली आणि 'माझ्या निरपराध लेकराला का मारलंत?' असा जाब तिने विचारला. कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हा 'तुमच्यावर नकळत भय येईल' असा शाप देऊन ती निघून गेली.

सरमा या नावाचा संबंध 'सृ' म्हणजे सरणे, धावणे या धातूशी जोडला जातो. तिच्यावरूनच कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात. वरच्या वर्गांना इथे एक छान गोष्ट शिकवता येते. कुंतीचा कौंतेय, राधेचा राधेय, गंगेचा गांगेय, तसा सरमेचा सारमेय. आईच्या नावावरून मुलाला नाव!

लायका : मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली भटकी कुत्री. 3 नोव्हेंबर 1957 रोजी सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक 2 यानातून ती पृथ्वीभोवती फिरायला गेली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला प्राणी. आधी तिचं नाव होतं कुद्र्याव्का, म्हणजे कुरळ्या केसांची. लायका म्हणजे भुंकणारी. तिला परत आणायची सोयच त्या यानात नव्हती. उड्डाणानंतर काही तासांतच उष्णतेमुळे तिचा मृत्यू झाला, हे जगाला 2002 मध्ये कळलं. ही गोष्ट सांगताना फक्त 'शूर लायका' म्हणून थांबू नका. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. त्यावर बोलू द्या.

बेल्का आणि स्ट्रेल्का : 19 ऑगस्ट 1960 रोजी या दोघी अवकाशात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आल्या. रशियन भाषेत बेल्का म्हणजे खार, स्ट्रेल्का म्हणजे छोटा बाण. पुढे स्ट्रेल्काला पिल्लं झाली. त्यातल्या एका मादी पिल्लाचं नाव पुशिंका, म्हणजे मऊ लवेसारखी. 1961 मध्ये ती अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट म्हणून पाठवली गेली.

चेझर : अमेरिकेतली बॉर्डर कॉली जातीची कुत्री. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तिला 1022 खेळण्यांची नावं शिकवली. नाव उच्चारलं की ती ढिगातून नेमकं तेच खेळणं आणायची. चेझर म्हणजे पाठलाग करणारी. जिला हजार नावं कळू शकतात, तिला स्वतःचं एक नाव नक्कीच कळेल, नाही का?

6. नाव शिकवायचं कसं?

नाव ठेवणं एका दिवसाचं काम, शिकवणं आठवड्याचं. पद्धत साधी आहे.

1. घरात शांतता असताना पिल्लाच्या जवळ बसा.
2. नाव एकदाच, आनंदी आवाजात घ्या. 'मिरी, मिरी, मिरी, मिरी' असा जप करू नका.
3. तिने तुमच्याकडे पाहिलं की लगेच शाबासकी द्या आणि उकडलेल्या अंड्याचा बारीकसा तुकडा द्या. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका मात्र चुकूनही देऊ नका. ते कुत्र्यांना घातक असतं.
4. एका वेळी पाच-सहा वेळाच करा, दिवसातून तीनदा.
5. जमू लागलं की दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून हाक मारा.
6. रागावताना नाव घेऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. नाव ऐकलं की मार बसतो, असं तिला कळलं तर ती नाव ऐकून पळून जाईल.

हा सहावा नियम मी फळ्यावर लिहिला तेव्हा मलाच थोडं ओशाळल्यासारखं झालं. आपण वर्गात मुलांची नावं कधी घेतो? बहुतेक वेळा रागावतानाच. त्या दिवसापासून हजेरी घेताना नाव घेऊन त्या मुलाकडे बघायचं, असं ठरवलं आहे. रोज जमतंच असं नाही.

7. नावाबरोबर जबाबदारीही येते

'कुत्री नको' असं म्हणणारी आजी काही दुष्ट नसते. तिचा हिशेब असतो. कुत्री साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे 63 दिवसांच्या आसपास विते. एका वेळी चार-सहा पिल्लं सहज होतात. ती सांभाळायची कुणी? या खऱ्या प्रश्नाला उत्तर न देता फक्त 'किती गोड आहे' म्हणून चालणार नाही.

उत्तर आहे नसबंदी. योग्य वयात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया केली की हा प्रश्न मिटतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. पाळलेल्या कुत्रीची जबाबदारी मात्र आपली. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तशी नियमित द्यावी लागते.

मुलांना एवढं पाठ असलंच पाहिजे : कोणताही कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. रेबीज एकदा झाला की जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो, पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

8. वर्गात घ्यायचा उपक्रम (एक तासिका)

- पहिली 10 मिनिटं : पिल्लाचं वर्णन, पाच वाक्यांत.
- पुढची 10 मिनिटं : प्रत्येकाने एक नाव आणि ते का, हे एका वाक्यात. 'कारण' शिवाय नाव फळ्यावर लिहायचं नाही.
- पुढची 10 मिनिटं : नावांची वर्गवारी. 'शुभ्रा' तत्सम. 'राणी' हा शब्द राज्ञीवरून, 'मोती' हा मौक्तिकावरून आला, म्हणून तद्भव. 'टॉमी', 'ज्युली', 'टायगर' परभाषीय.
- शेवटची 5 मिनिटं : चिठ्ठ्या टाकून मतदान.
- घरचा अभ्यास : 'माझी कुत्री' किंवा 'आमच्या गल्लीतली कुत्री' या विषयावर दहा ओळी. अट एकच, मोती चालणार नाही!

नमुना निबंध : माझी कुत्री

आमच्या घरी एक कुत्री आहे. तिचे नाव मिरी आहे. ती काळी आणि अगदी लहान होती, म्हणून ताईने हे नाव सुचवले. तिचा एक कान उभा आणि एक पडलेला आहे. तिला प्रेशर कुकरच्या शिट्टीची भीती वाटते. शिट्टी झाली की ती पलंगाखाली जाते. मी शाळेतून येताना ती कोपऱ्यापर्यंत येते, पण रस्ता ओलांडत नाही. तिला आम्ही लस दिली आहे. बाबा आधी तिला नको म्हणत होते. आता रात्री जेवताना तेच विचारतात, "मिरी जेवली का?"

बघा, यात 'इमानी' हा शब्द एकदाही नाही. तरी सगळं कळतं. मुलांना हेच दाखवायचं आहे.

आणि त्या पिल्लाचं काय झालं?

आमच्या मतदानात लालसर तपकिरी पिल्लाला 'नाचणी' हे नाव मिळालं. 31 पैकी 17 मतं. नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन ती मुलगी घरी गेली. सोबत मी एक कागदही दिला होता. त्यावर नसबंदी आणि लसीची माहिती साध्या भाषेत लिहिली होती, आणि खाली मी व वर्गाने जमेल तेवढी मदत करू, असं लिहून सही केली होती.

बाजाराच्या दिवशी ती शाळेत आली, पण काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्वतःच आली आणि म्हणाली, "सर, आजीने चिठ्ठी वाचायला लावली. नाव ऐकून हसली. सकाळी भाकरी थापताना तीच म्हणाली, 'नाचणे, ये गं इकडं.' आणि ती गेली की!"

शेवट बदलला होता, 'नाचणी'ची 'नाचणे' झाली होती, तरी पिल्लाने ओळखलं. संबोधन विभक्तीचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

तीन महिन्यांनी लसीकरणाचं कार्ड तिने वर्गात आणून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, 'नाव : नाचणी. लिंग : मादी.' मुलीने अर्धवट राहिलेला निबंध पूर्ण केला आहे. पहिलं वाक्य तिने खोडलं नाही, त्याच्या खाली फक्त तारीख टाकून पुढे लिहिलं.

पालकहो, तुमच्या घरी पिल्लू आलं तर नाव मुलांना ठेवू द्या. पण 'का?' हा प्रश्न जरूर विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या वेळी निबंधाचा गठ्ठा तपासताना एखादी वही अर्धवट दिसली, तर गुण कापण्याआधी त्या मुलाला एकदा नावाने हाक मारून बघा.